‘थोडं’ म्हणजे किती?

(१९९६ च्या दहावीच्या तुकडीच्या स्नेहमेळाव्यात, दुपारच्या ‘आपल्यातलंच कुणीतरी’ या सत्रात केलेलं भाषण. ध्वनिमुद्रणावरून शब्दांकन, वक्तीनं स्वतः तपासून दिलेलं.)



समितीचा फोन आला तेव्हा मला सांगण्यात आलं, “तू ग्रुपवर त्या तेलांबद्दल एवढं लिहायचीस, त्यावर बोल. वीस मिनिटं. कॉम्प्युटरवर बोलू नकोस, जेवण झाल्यावर लोक झोपतील.” मी हो म्हटलं. हो म्हणण्यामागे माझं एक वेगळं कारण होतं, ते पुढे सांगते.

आधी एक प्रयोग. सजावटीतला तो लाल फुगा जरा इकडे द्या. आणि हे संत्रं, मघाशी पंगतीतून उचलून आणलंय. साल सोलते, फुग्याजवळ धरून दुमडते आणि पिळते.

(फुगा फुटतो. हशा.)

सुई नाही, टाचणी नाही. सालीवरच्या बारीक फोडांमधून जे तुषार उडाले, त्यांनी फुगा फोडला. त्या तुषारांत लिमोनीन नावाचं द्रव्य असतं, ते रबराला विरघळवतं. पाचवी-सहावीत मधल्या सुट्टीत हेच तुषार आपण एकमेकांच्या डोळ्यांत उडवायचो आणि मग समोरचा डोळे चोळत बाईंकडे तक्रार घेऊन जायचा. म्हणजे इसेन्शियल ऑइल तुम्ही सगळ्यांनी शाळेतच वापरलेलं आहे. फक्त तेव्हा ते फुकट होतं, आता दहा मिलीच्या बाटलीत विकत मिळतं.

इसेन्शियल ऑइलला पुस्तकी मराठीत बाष्पनशील तेल म्हणतात. बोलताना मी अर्क म्हणेन. शब्दही बरोबर बसतो. बाई आपल्यातल्या एखाद्या कार्ट्याकडे बघून “अर्क आहे नुसता!” म्हणायच्या. म्हणजे काय, तर दिसायला एवढासा, पण दहा जणांचा उपद्रव एकट्यात साठलेला. या बाटलीतही अगदी तेच असतं.

नववीत सरांनी आपल्याला ऊर्ध्वपातनाचा प्रयोग दाखवला होता. काचेची ती लांब नळी, बाहेरून थंड पाणी, आतून वाफ. आपल्यातल्या निम्म्या लोकांचं लक्ष खिडकीबाहेर होतं. अर्क त्याच पद्धतीनं काढतात. पुदिना, गवती चहा, निलगिरीची पानं भांड्यात भरायची, त्यातून वाफ सोडायची. वाफेबरोबर पानांतली वासाची द्रव्यं बाहेर पडतात, नळीत गार होऊन वाफेचं पाणी होतं आणि पाण्यावर तवंग जमतो. तो तवंग म्हणजे अर्क. लवंगेचा अर्क पाण्यापेक्षा जड, म्हणून तो खाली बसतो. संत्र्या-लिंबाचा अर्क बहुतेक वेळा साली दाबून काढतात. गुलाबाचा एक किलो अर्क मिळवायला साधारण तीन ते पाच हजार किलो पाकळ्या लागतात. म्हणून ‘शंभर रुपयांत शुद्ध गुलाबाचं इसेन्शियल ऑइल’ असं कुणी म्हणालं, तर त्याला गणित शिकवणाऱ्या बाईंकडे पाठवा.

आणि हे तेल असलं तरी आपल्या खोबरेलासारखं तेल नाही. कोऱ्या कागदावर एक थेंब खोबरेलाचा आणि एक थेंब निलगिरीचा टाका. दुसऱ्या दिवशी खोबरेलाचा डाग तसाच असेल, निलगिरीचा थेंब उडून गेलेला असेल. त्या एका थेंबात डझनावारी रसायनं असतात. होय, रसायनंच. झाडानं केली म्हणून ती रसायनं नाहीत असं होत नाही. झाड ती आपल्या सर्दीसाठी करत नाही, बरीचशी कीड आणि बुरशी दूर ठेवण्यासाठी करतं.

आता सरांची एक सवय आठवा. उत्तर बरोबर असलं, पण पुढे एकक लिहिलं नसलं, की सर अर्धा गुण कापायचे. “पाच काय? पाच आंबे की पाच मीटर?” दहावीच्या सहामाहीत माझे असे तीन गुण गेले होते आणि मी घरी जाऊन रडले होते. सर, ते तीन गुण मी आज तुम्हाला मनापासून माफ करते. का, ते ऐका.

२०२० चं टाळेबंदीचं वर्ष. मी पुण्यात घरून काम करत होते. दिवसभर स्क्रीन, रात्री झोप नाही. कुठूनतरी लॅव्हेंडरची बाटली आणली, मग टी ट्रीची, मग एक डिफ्युझर. दोन महिन्यांत स्वयंपाकघरातल्या एका फळीवर अठरा बाटल्या झाल्या. आणि ग्रुपवर माझे सल्ले सुरू झाले. केस गळतायत? हे घ्या. मुरूम? हे घ्या. अंगठे, फुलं, टाळ्या येत होत्या. सॉफ्टवेअरमध्ये वर्षानुवर्षं काम करूनही कुणी कधी टाळ्या वाजवल्या नव्हत्या, त्यामुळे मीही रंगात आले होते.

जूनमध्ये मी एक संदेश टाकला. तो माझ्या फोनमध्ये अजून आहे, वाचून दाखवते. “सर्दी-खोकल्यावर रामबाण. खोबरेल तेलात थोडा कापूर आणि थोडं निलगिरी तेल मिसळून छातीला, पाठीला आणि नाकाखाली लावा. शंभर टक्के नैसर्गिक, काहीही साइड इफेक्ट नाही.” खाली सत्तावीस अंगठे.

आपल्यातल्याच एका मैत्रिणीच्या धाकट्या बहिणीचं बाळ तेव्हा चार महिन्यांचं होतं. बहीण माहेरी आलेली. बाळाला सर्दी झाली. त्या दिवसांत सर्दी म्हटलं तरी पोटात गोळा यायचा आणि दवाखान्यात न्यायची त्याहून भीती वाटायची. मैत्रिणीनं ग्रुपवरची कृती पाहिली. इंजिनिअर मैत्रिणीनं लिहिलंय, घरातल्याच वस्तू आहेत. तिनं तेल केलं, छातीला लावलं आणि बोटावर राहिलेलं नाकाखाली लावलं.

थोड्याच वेळात बाळाचा श्वास अडकायला लागला. ओठ निळसर झाले. तिचे भाऊजी बाळाला घेऊन स्कूटरवरून निघाले, मागे ही. रुग्णालयात बाळाला ऑक्सिजन लावला, दोन रात्री लक्ष ठेवून ठेवलं. बाळ पूर्ण बरं झालं. आता तो मोठ्या गटात जातो आणि त्याच्या मावशीच्या म्हणण्याप्रमाणे अर्कच आहे. पण त्या संध्याकाळी डॉक्टरांनी तिला विचारलं, “काय लावलं? किती लावलं? कापूर किती होता?” तिला सांगता येईना. तिनं फोन काढून माझा संदेश दाखवला. डॉक्टरांनी तो वाचला आणि विचारलं, “थोडं म्हणजे किती?”

हे तिनं मला आठ महिन्यांनी सांगितलं. “तुला वाईट वाटेल म्हणून बोलले नाही,” म्हणाली. त्या आठ महिन्यांत मी ग्रुपवर आणखी कितीतरी कृती टाकल्या होत्या. आणि मला ऐकल्यावर पहिलं काय सुचलं, तेही सांगते, कारण त्याची मला जास्त लाज वाटते. मी म्हटलं, “अगं, पण मी ते बाळासाठी लिहिलंच नव्हतं.” ती शांतपणे म्हणाली, “बाळाला लावू नका, असंही लिहिलं नव्हतंस.”

ती आज इथे तिसऱ्या रांगेत बसलेली आहे. तिला विचारूनच मी हे बोलतेय.

ऑफिसात मी रोज दुसऱ्यांचा कोड तपासते. कमीत कमी किती, जास्तीत जास्त किती, चुकीची गोष्ट आत आली तर काय करायचं, हे ज्यात लिहिलेलं नाही, तो कोड मी परत पाठवते. माझी स्वतःची कृती मात्र ‘नैसर्गिक’ या एका शब्दावर बिनतपासणी पास झाली होती. त्यानंतर मी ग्रुपवर लिहिणं बंद केलं आणि वाचणं सुरू केलं. मी डॉक्टर नाही, वैद्य नाही. वाचून, डॉक्टरांना विचारून आणि स्वतः चुकून जे कळलं, ते सांगते. या वेळी एककासहित.

अर्क आपल्या शरीरात तीन दारांनी जातो: कातडी, नाक आणि तोंड.

पहिलं दार कातडीचं. नियम एकच: बाटलीतला अर्क थेट अंगाला लावायचा नाही. तो साध्या तेलात पातळ करायचा. खोबरेल, तीळ, बदाम, कुठलंही चालेल. ज्यांना पुटकुळ्या येतात, त्यांनी चेहऱ्याला खोबरेल टाळावं. प्रमाण लक्षात ठेवायला सोपं आहे. एक मिलीत साधारण वीस थेंब. घरातला औषधाचा चमचा पाच मिलीचा. म्हणजे एक चमचा तेलात एक थेंब अर्क टाकला की झालं एक टक्का. मोठ्या माणसाच्या चेहऱ्याला एक टक्का पुरे. हातापायांना दोन टक्के, म्हणजे चमच्याला दोन थेंब. त्याच्या वर घरगुती वापरात जायचं कारण नाही. दालचिनी, लवंग, गवती चहा असे झोंबणारे अर्क तर याहूनही कमी लागतात आणि चेहऱ्याला ते लावूच नयेत.

आंघोळीच्या बादलीत चार थेंब टाकायची पद्धत आहे. तेही चुकीचंच. तेल पाण्यात मिसळत नाही, हे आपण चौथीत शिकलो. ते थेंब तरंगत राहतात आणि तांब्याबरोबर जसेच्या तसे अंगावर येतात. दिवाळीच्या अभ्यंगाला सुगंध हवा असेल, तर अर्क आधी तेलात मिसळा, ते तेल अंगाला लावा, वर उटणं. आपल्या आज्यांना हे माहीत होतं.

कुठलंही नवीन मिश्रण लावण्याआधी कोपराच्या आतल्या बाजूला थेंबभर लावून एक ते दोन दिवस वाट पाहा. लाली आली, खाज सुटली, तर ते तुमच्यासाठी नाही. आमच्याकडे याला टेस्टिंग म्हणतात आणि मुदत जवळ आली की सगळ्यांत आधी तेच गाळतात. परिणामही दोन्हीकडे सारखेच होतात. एक दिवस काही झालं नाही, म्हणून कायमचं सुटलात असंही नाही. ॲलर्जी पुष्कळ दिवसांच्या वापरानंतरही जडू शकते आणि एकदा जडली की सहसा जन्माची सोबत करते. मग त्याच वासाचा साबण, शाम्पू, क्रीम, काहीच चालत नाही.

अर्क जुना झाला की हा धोका वाढतो. लॅव्हेंडर, टी ट्री, संत्रं, लिंबू यांच्यातली द्रव्यं हवा आणि उजेड लागून बदलतात आणि बदललेली द्रव्यं कातडीला जास्त त्रास देतात. माझ्या गालावर लालभडक चट्टे उठले होते, ते दोन वर्षं जुन्या टी ट्रीच्या बाटलीनं. शिवाय मी ते न मिसळता कापसानं लावलं होतं. पंधरा दिवस मीटिंगमध्ये कॅमेरा बंद.

लिंबू, ईडलिंबू, बर्गमॉट यांचे साली दाबून काढलेले अर्क लावून उन्हात गेलं, तर कातडी भाजल्यासारखी होते आणि काळे डाग कित्येक महिने राहतात. लिंबाचा रस हाताला लागलेला असताना कडक उन्हात बसलं तरी असं होऊ शकतं. म्हणून असं काही लावलं असेल, तर तो भाग निदान बारा ते अठरा तास उन्हात न्यायचा नाही. डाग घालवायला म्हणून लिंबाचा अर्क लावणाऱ्यांनी हे वाक्य घरी जाऊन दोनदा लिहून काढावं.

मग उपयोग काहीच नाही का? आहे, पण मापात. ऑस्ट्रेलियात १९९० साली मुरूम असलेल्या १२४ जणांवर अभ्यास झाला. पाच टक्के टी ट्रीची जेल आणि मुरमांवरचं नेहमीचं औषध बेंझॉइल पेरॉक्साइड, तेही पाच टक्के. दोन्हींनी मुरूम कमी झाले. टी ट्रीचा गुण उशिरा आला, पण त्रास कमी झाला. बघा, तिथंही ‘थोडं टी ट्री’ नव्हतं. पाच टक्के होतं, कंपनीत मोजून बनवलेली जेल होती. २०१५ मध्ये इराणमध्ये शंभर टक्कल पडणाऱ्या लोकांवर रोझमेरी तेलाचा अभ्यास झाला. सहा महिन्यांनी निकाल दोन टक्के मिनॉक्सिडिलच्या आसपास आला. इथे बसलेल्या काही पुरुष मित्रांचे डोळे चमकलेले मला दिसतायत. शंभर माणसं म्हणजे फार नाहीत, आणि सहा महिने म्हणजे सहा महिने. पुढच्या आठवड्यात फोन करू नका.

दुसरं दार नाकाचं. माझा डिफ्युझर अजून आहे. पण आता तो अर्ध्या तासात बंद होतो आणि खिडकी उघडी असते. वास मंद हवा. शेजारच्या खोलीतून कळला, तर जास्त झाला. घरात कुणाला दमा असेल तर लावूच नका, सुगंधानंही झटका येऊ शकतो. मांजर असेल तरी नको. मांजराच्या यकृताला ही द्रव्यं नीट मोडता येत नाहीत, टी ट्री तर मांजर आणि कुत्रा दोघांनाही विषारी आहे. पिसवांवर म्हणून अंगाला चोळणारे लोक मी पाहिलेत.

सर्दीत वाफ घ्यायची असेल, तर साधी वाफ पुरते. मोठ्या माणसाला वासच हवा असेल, तर एक थेंब, डोळे मिटून. लहान मुलांना कढत पाण्याच्या भांड्यावर बसवूच नका. पातेलं कलंडून भाजण्याचा धोका अर्कापेक्षा मोठा आहे.

घरी पाण्यात अर्क टाकून स्प्रे करून ठेवतात, त्याबद्दल एक गोष्ट. २०२१ मध्ये अमेरिकेत चार वेगवेगळ्या राज्यांत चार माणसांना मेलिऑयडोसिस नावाचा गंभीर जंतुसंसर्ग झाला. त्यात दोघं दगावली, एक लहान मूल होतं. चौघांचा एकमेकांशी काही संबंध नाही, कुणी परदेशात गेलेलं नाही. शोध घेता घेता तपासनीस एका सुगंधी रूम स्प्रेच्या बाटलीपाशी पोचले. लॅव्हेंडर आणि कॅमोमाइलचा स्प्रे, आपल्या देशात बनलेला. त्या पाण्यात ते जंतू जिवंत होते. अर्क जंतू मारतात असं आपण ऐकतो, पण पाण्यात चार थेंब टाकले म्हणून ते पाणी निर्जंतुक होत नाही. तेव्हा घरी केलेला पाण्याचा स्प्रे बाटलीत भरून महिनोन्‌महिने ठेवायचा नाही.

तिसरं दार तोंडाचं. इथे मी एका वाक्यात संपवते: डॉक्टरांनी सांगितल्याशिवाय अर्क पोटात घ्यायचा नाही. पाण्यात नाही, मधात नाही, चहात नाही. ‘खाण्यायोग्य’ म्हणून कुणी विकत असेल, तरी नाही. गंधपुऱ्याचं तेल तुम्हाला माहीत असेल, विंटरग्रीन. सांधेदुखीच्या मलमांना त्याचाच वास येतो. त्याच्या एका चमच्यात, पाच मिलीत, ॲस्पिरिनच्या वीसहून जास्त गोळ्यांइतकं द्रव्य असतं. लहान मुलाला तो एक चमचा जीवघेणा ठरतो. आणि जे रक्त पातळ करायच्या गोळ्या घेतात, आपल्या वयात आता अशी मंडळी आहेत, त्यांनी हे मलम अंगाला चोळण्याआधीही डॉक्टरांना विचारावं.

लवंगेचं तेल दुखऱ्या दाताला लावायची आपली जुनी पद्धत. मोठ्यांनी कापसाच्या टोकाला थेंबभर घेऊन फक्त दातावर ठेवावं, हिरडीला लागलं तर भाजतं. ती दंतवैद्याकडे पोचेपर्यंतची सोय, उपचार नव्हे. दात येणाऱ्या बाळाच्या हिरड्यांना मात्र ते कधीही लावू नका.

आणि आता कापूर. देवघरातला, म्हणून आपल्याला तो परका वाटत नाही. पण कापूर पोटात गेला तर लहान मुलांना फार लवकर, कधीकधी पंधरा-वीस मिनिटांत, फिट येऊ शकते. अमेरिकेत तेलात वीस टक्के कापूर घातलेलं ‘कॅम्फरेटेड ऑइल’ मिळायचं, म्हणजे आपल्या कापूर घातलेल्या तेलाचंच भावंड. लोक ते एरंडेल समजून मुलांना पाजायचे. तिथल्या सरकारनं १९८२ मध्ये त्याची विक्री बंद केली आणि १९८३ मध्ये बाकीच्या मलमांत कापराला ११ टक्क्यांची मर्यादा घातली. सर, ऐकताय ना? अकरा टक्के. थोडा नाही.

निलगिरीचंही तसंच. लहान मुलाच्या पोटात काही मिली गेलं तरी ते सुस्त होऊन बेशुद्ध पडू शकतं. आणि तान्ह्या बाळाच्या नाकाजवळ कापूर, निलगिरी, पुदिना यांतलं काही लावलं, तर त्याचा श्वासच आखडू शकतो. मोठ्यांना जे ‘नाक मोकळं झालं’ वाटतं, तेच बाळाला झेपत नाही. म्हणून दोन वर्षांखालच्या बाळाला हे तिन्ही अंगाला नाहीत, नाकाजवळ नाहीत, उशीवरही नाहीत. त्याहून मोठ्या मुलांनाही बालरोगतज्ज्ञांना विचारल्याशिवाय नाही. गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या बायकांनी आणि ज्यांना फिट येतात त्यांनीही आधी विचारायचं.

बाटली विकत घेताना वनस्पतीचं शास्त्रीय नाव लिहिलंय का पाहा. ‘फ्रॅग्रन्स ऑइल’ लिहिलं असेल, तर तो नुसता कृत्रिम वास असू शकतो. ‘थेराप्युटिक ग्रेड’ या शब्दाला कुठल्याही सरकारी प्रमाणाचा आधार नाही, ती विक्रीची भाषा आहे. बाटली गडद काचेची, तोंडाशी थेंब पडणारं बूच. उघडल्याची तारीख चिकटपट्टीवर लिहा. संत्र्या-लिंबाचा अर्क वर्षभरात संपवा किंवा टाकून द्या. आणि ठेवायचं कुठे, तर औषधांच्या शेजारी नाही, देवघरात नाही, कुलपाच्या कपाटात. खोकल्याच्या औषधाची आणि निलगिरीची बाटली अंधारात हाताला सारखीच लागते.

अपघात झालाच, तर काय करायचं? पोटात गेलं असेल, तर उलटी करवू नका. मीठपाणी नको, बोटं घालणं नको. उलटीच्या वेळी ते फुप्फुसात जाण्याचा धोका असतो. बाटली बरोबर घ्या आणि सरळ रुग्णालय गाठा किंवा १०८ ला फोन करा. ‘आता बरा दिसतोय’ म्हणून थांबायचं नाही. दिल्लीच्या एम्समध्ये राष्ट्रीय विषबाधा माहिती केंद्र चोवीस तास चालू असतं, त्याचा क्रमांक आज घरी गेल्यावर शोधून फोनमध्ये ठेवा. डोळ्यात गेलं, तर निदान पंधरा मिनिटं वाहत्या स्वच्छ पाण्यानं धुवा आणि डॉक्टरांकडे जा. कातडीची आग झाली, तर साबण-पाण्यानं धुवा, लागलेले कपडे बदला. आणि रुग्णालयात विचारतील, “काय? किती? किती वाजता?” या तीन प्रश्नांची उत्तरं द्यायला कुणीतरी शुद्धीवर असायला हवं.

माझ्या अठरा बाटल्यांपैकी आता तीन उरल्यात. रात्री लॅव्हेंडरचा एक थेंब रुमालावर टाकून उशीपासून हातभर लांब ठेवते. झोप त्या थेंबानं लागते, की फोन बाजूला ठेवल्यानं, हे मी सांगू शकत नाही. वास आवडतो, एवढं मात्र खरं, आणि तेवढं कारण मला पुरतं.

आता मी हो का म्हटलं, ते. तो जूनचा संदेश मी आपल्या ग्रुपवर काढून टाकला, पण तो तेव्हाच पुढे गेला होता. तुमच्या सोसायटीच्या ग्रुपवर, सासरच्या ग्रुपवर, मामेबहिणींच्या ग्रुपवर. तो माझ्या नावाशिवाय अजून कुठेतरी फिरत असेल आणि कुठल्यातरी घरात एखाद्या बाळाला सर्दी झालेली असेल. तो परत बोलावणं माझ्या हातात नाही. माझ्या हातात एवढंच होतं, की ज्या सत्तावीस जणांनी अंगठा दिला, त्यांच्यासमोर उभं राहून सांगावं: मी चुकले. मैत्रिणीची आणि तिच्या बहिणीची मी घरी जाऊन माफी मागितली आहे. आज तुमची मागते.

आणि दुरुस्त केलेला संदेश वाचते. तो ग्रुपवर आत्ताच टाकलाय, हा मात्र खुशाल पुढे पाठवा.

“सर्दीसाठी. मोठ्या माणसांनी: साध्या पाण्याची वाफ, पाच मिनिटं. हवा तर निलगिरीचा १ थेंब रुमालावर. दमा, फिट, गरोदरपण असेल तर तोही नाही. दोन वर्षांखालच्या बाळाला: कापूर, निलगिरी, पुदिना ० थेंब. बाळ दूध पीत नसेल, श्वास जोरात चालत असेल, ओठ निळे दिसत असतील, तर कुठलाही ग्रुप न वाचता डॉक्टर.”

सर, शून्याच्या पुढेही एकक लिहिलंय. अर्धा गुण कापू नका.

(टाळ्या.)